आधी वर पाहा

नवरात्र बसण्याच्या आधी घर झाडून घ्यायचे आणि दिवाळीच्या तोंडावर ते पुन्हा एकदा झाडून घ्यायचे, हा आमच्या घरातला शिरस्ता. पहिल्या खेपेला जे राहून जाते ते दुसऱ्या खेपेला निघते, असे सौ.चे म्हणणे. माझा अनुभव असा, की दोन्ही खेपांना राहून जाते ते एकच. खिडक्यांच्या काचांची बाहेरची बाजू. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. खिडक्यांना चोरांच्या भीतीने ग्रिल बसवलेले, त्यामुळे आतून हात पोचत नाही. बाहेरून शिडी लावायची तर या वयात सौ. मला शिडीवर चढू देत नाही. मग पावसाळ्याचे ओघळ तसेच राहतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात ते नेमके उठून दिसतात.

गेल्या वर्षी मुलीने यावर उपाय धाडला. एकात एक बसणाऱ्या चार नळ्यांची चकचकीत अॅल्युमिनियमची दांडी. ओढाल तशी लांबत जाणारी, टोकाला स्पंज आणि रबराची पट्टी. पूर्ण उघडली की वीस फूट. खाली अंगणात उभे राहायचे, बादलीत स्पंज बुडवायचा आणि वरच्या काचा पुसायच्या. शिडी नको, गडी नको. मी खूश झालो. निवृत्त माणसाला नवे अवजार मिळाले की तो जसा खूश होतो, तसा.

रविवारी सकाळी बनियनवर अंगणात उतरलो. दोन काचा झाल्या. तिसरी खिडकी कोपऱ्यावरची, रस्त्याच्या बाजूची. तिथे भिंतीशी दांडी नीट लागेना, म्हणून दोन पावले मागे सरकलो, दांडी कलती केली आणि स्पंज पुन्हा भिजवायला ती काचेपासून सोडवून मागे घेऊ लागलो. एवढ्यात फाटकातून आवाज आला, ‘‘साहेब, आहे तिथंच थांबा. हलू नका. आता काठी भिंतीकडं कलती करा. हळू. हां. आता आडवी घ्या.’’

आवाज आमच्या गल्लीतल्या वायरमनकाकांचा होता. पस्तीस वर्षे खांबांवर चढून सेवानिवृत्त झालेला हा माणूस एरवी मोठ्याने बोलत नाही. मी त्यांनी सांगितले तसे केले आणि मग मागे वळून वर पाहिले. कुंपणापलीकडून रस्त्याच्या कडेने तीन तारा गेल्या होत्या. गेली बावीस वर्षे त्या तिथेच आहेत. त्यांच्यावर बसणारे कावळे मी रोज सकाळी चहा पिताना पाहतो. माझ्या दांडीच्या टोकात आणि त्यातल्या जवळच्या तारेत हातभर अंतर उरले होते.

‘‘अकरा हजाराची लाइन आहे ती,’’ काका म्हणाले. मग कट्ट्यावर बसत म्हणाले, ‘‘तुमची चूक नाही म्हणा. काच पुसणारा काच बघतो. वर कोण बघतं?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याच थोडक्यात वाचण्याचे एवढे काही नव्हते. मला आठवत होते १९८९ साल.

मोजलेले पाइप

तेव्हा मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागात, एका शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. विहिरींना पाणी कमी. तुषार सिंचनाचे संच नव्याने गावात येऊ लागले होते. अॅल्युमिनियमचे वीस-वीस फुटी पाइप, त्यांना जोडलेले फवारे. हलके असल्यामुळे एकटा माणूस खांद्यावर टाकून या वाफ्यातून त्या वाफ्यात नेई. अशाच एका संचासाठी दोघा भावांना मी कर्ज मंजूर केले. थोरला संसारी, धाकटा बाविशीतला. कर्ज दिल्यावर पाहणी करायची असते. मी मोटारसायकलवरून गेलो, शेतात बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाइप मोजले, बिलाशी ताळा घातला, विहीर पाहिली, इंजिन पाहिले, उन्हाळी भुईमुगाचे क्षेत्र लिहिले आणि पाहणी अहवालावर सही केली.

त्या शेतावरून विजेची लाइन गेलेली होती. ती मी पाहिली होती, असे म्हणवत नाही. ती होती, इतकेच.

पुढल्या एप्रिलात एका पाइपात पालापाचोळा अडकला म्हणून धाकट्याने तो सुटा करून उभा धरला आणि आतला कचरा खाली पडावा म्हणून हलवला. वरचे टोक तारेला लागले. थोरला भाऊ चाळीस पावलांवर मोटेच्या जुन्या थारोळ्यापाशी उभा होता.

महिन्याभराने थोरला बँकेत आला. मी काय बोलावे हे ठरवीपर्यंत त्याने हप्त्याचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, ‘‘साहेब, पाइप सगळे जागेवर आहेत. कधीपण येऊन मोजून घ्या.’’

माणूस गेला होता आणि तो मला तारणाचा हिशेब देत होता. मी पावती फाडली. दुसरे काय केले असते, हे मला आजही ठाऊक नाही.

पुष्कळ वर्षांनी मी विजेचे नियम वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि ती अधिकच लागली. रस्त्यापासून दूर, शेताबिताडावरून जाणारी अकरा हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असावी, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते. ४.६ मीटर म्हणजे पंधरा फूट. पाइप वीस फुटांचा. म्हणजे तार अगदी नियमाप्रमाणे ओढलेली असली, पाइप चांगल्या प्रतीचा असला, कर्ज रीतसर असले आणि पाहणी चोख झालेली असली, तरी तो पाइप त्या तारेखाली उभा करता येत नव्हता. सगळे कागद बरोबर होते. फक्त ही वजाबाकी कोणी केली नव्हती.

कावळा मरत नाही, मग माणूस का?

वायरमनकाका आता दर दोन-चार दिवसांनी चहाला येतात. मी त्यांना शाळकरी प्रश्न विचारतो आणि ते न कंटाळता उत्तरे देतात. पहिला प्रश्न अर्थात कावळ्याचा.

कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. वीज वाहते ती दाबातल्या फरकामुळे. पाणी जसे उंचावरून सखल जागी. दोन्ही पाय एकाच दाबावर असल्यामुळे कावळ्यातून जायचे विजेला कारण नसते. माणूस मात्र जमिनीवर उभा असतो. त्याच्या हातातली दांडी तारेला लागली, की तार, दांडी, हात, छाती, पाय आणि जमीन असा सरळ रस्ता तयार होतो. त्या रस्त्यात हृदय येते.

किती वीज लागते? घरातला जुना साठ वॅटचा पिवळा दिवा साधारण २६० मिलिअँपिअर प्रवाह घेई. त्याच्या नवव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. त्याच्याही आधी, दहा-वीस मिलिअँपिअरलाच, हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘चटका बसला तर सोडून देऊ’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. सोडणारा हात आपला राहिलेला नसतो.

दुसरा माझा समज असा, की तारांवर काहीतरी आवरण असणारच. घरातल्या वायरीला असते, तसे. बहुतेक जुन्या रस्त्यांवरच्या तारा पूर्ण उघड्या अॅल्युमिनियमच्या असतात. त्यांचे आवरण म्हणजे भोवतालची हवा. आपण काठी घेऊन त्या हवेत शिरलो, की आवरणात शिरलो. दाब जितका जास्त तितके हे आवरण कच्चे. मोठ्या मनोऱ्यांवरच्या लाखो व्होल्टच्या तारांना प्रत्यक्ष स्पर्शही व्हावा लागत नाही, बरेच जवळ गेले तरी ठिणगी उडी घेते.

तिसरा समज घरातल्या सुरक्षा-स्विचचा. ‘आमच्याकडे ट्रिप होणारा स्विच आहे’ असे मी काकांना अभिमानाने सांगितले. ते हसले. तो स्विच आपल्या मीटरच्या पुढच्या विजेवर पहारा करतो. रस्त्यावरची तार आणि अंगणातला माणूस यांच्यामध्ये तो कुठेच येत नाही. उपकेंद्रात संरक्षण असते. पण हजारो घरांचा भार वाहणाऱ्या लाइनीला एका माणसातून गेलेला प्रवाह कधी कधी जाणवतही नाही, आणि जाणवून लाइन बंद पडली तरी तोवर जे व्हायचे ते झालेले असते. शिवाय बंद पडलेली लाइन थोड्या वेळाने पुन्हा चालू करून पाहिली जाते. म्हणून ‘लोडशेडिंग चालू आहे, आत्ता उरकून घेऊ’ हा विचार सगळ्यांत वाईट. बंद तार आणि चालू तार दिसायला सारखीच असते.

लाकूड, फायबर आणि स्लिपर

मग बांबू वापरावा का? वाळका बांबू धातूइतका वाईट नाही, हे खरे. पण काच पुसताना तो ओला होतो, दांड्यावरून पाणी कोपरापर्यंत ओघळते, आणि ओला बांबू वीज नेतो. पावसाळ्यात बाहेर पडून राहिलेला बांबू वरून कोरडा दिसला तरी आतून दमट असतो. अकरा हजारांपुढे त्याचा भरवसा धरता येत नाही.

बाजारात हल्ली काळ्या रंगाच्या, अतिशय हलक्या दांड्याही मिळतात. त्या कार्बन फायबरच्या असतात. धातू नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात. पण कार्बन फायबरमधूनही वीज वाहते. काचतंतूची, म्हणजे फायबर ग्लासची दांडी त्या मानाने सुरक्षित; तीसुद्धा कोरडी आणि स्वच्छ असेपर्यंतच. धुण्याच्या कामात दांडी कोरडी कशी राहणार? दांडीतून पाण्याची नळी वर नेणारी यंत्रे आहेत, त्यांत तर पाण्याची अखंड धारच हातापर्यंत आलेली असते. रबरी स्लिपर हे पायाला चिखल लागू नये म्हणून असतात. त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

तात्पर्य, कोणती काठी चांगली हा प्रश्नच चुकीचा. प्रश्न अंतराचा आहे.

दहा अंश

या अंतराचे एक गणित मी बँकेच्या सवयीने कागदावर मांडून पाहिले. वीस फुटांच्या दांडीचा हातातला कोन केवळ दहा अंशांनी बदलला, तर तिचे वरचे टोक साडेतीन फूट सरकते. खाली आपल्याला मनगट थोडे कलल्याइतकेच वाटते. आता नियम असा, की ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार इमारतीच्या सर्वांत जवळच्या भागापासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट दूर असावी; ३३ हजारांची असेल तर दोन मीटर. गच्चीवरून जात असेल तर घरगुती दाबाची तार किमान अडीच मीटर आणि त्यावरची, ३३ हजारांपर्यंतची, किमान ३.७ मीटर उंच असावी. म्हणजे तार नियमाप्रमाणे चार फुटांवर असताना माझ्या मनगटाच्या दहा अंशांनी त्यातले साडेतीन फूट संपतात. हे अंतर घरात राहणाऱ्यासाठी आखलेले आहे, काठी फिरवणाऱ्यासाठी नव्हे.

आणि नियमाइतके अंतर तरी किती ठिकाणी राहिले आहे? अनेक गावांत तारा आधी आल्या आणि घरे नंतर त्यांच्याकडे सरकली. एक मजला वाढवला. गॅलरी बंदिस्त करून खोली काढली. खिडकीबाहेर कुंड्यांसाठी फूट-दीड फूट पुढे आलेले ग्रिल बसवले. आमच्याही इमारतीत हे झाले आहे आणि त्या सभांना मीही हजर होतो. तारेजवळ बांधकाम किंवा फेरफार करायचा तर आधी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवायचे असते, हे त्या सभांत कोणाला ठाऊक नव्हते. मुंबई शहरात बेस्टच्या तारा जमिनीखालून जातात. तिथून उपनगरांपलीकडे किंवा गावाकडे राहायला गेलेल्या माणसाला तर वर पाहण्याची सवयच नसते.

काय करावे

काकांनी सांगितलेले आणि मी वहीत उतरवलेले ते असे. काठी, शिडी, पाइप, पडद्याचा रॉड, काहीही लांब हातात घेण्यापूर्वी आधी वर पाहायचे, मग चारी बाजूंना. झाडाच्या फांद्यांमागे तार लपलेली असते, तिकडे मुद्दाम पाहायचे. काठी पूर्ण लांब करून कोणत्याही दिशेला पडली तर तारेपर्यंत पोचेल का, असा विचार करायचा. पोचत असेल तर त्या जागी ते काम त्या काठीने करायचे नाही. लांब वस्तू नेताना आडवी, कमरेखाली आणि दोघांनी धरून न्यायची. गच्चीवर लोखंडी सळई किंवा पाइप दोराने उभा ओढून घ्यायचा नाही. वाऱ्याच्या, पावसाच्या दिवशी हे काम काढायचे नाही. एकट्याने करायचे नाही. दुसऱ्या माणसाने काच न पाहता फक्त टोक आणि तार पाहायची.

तारेच्या बाजूची खिडकी आतूनच, आखूड दांड्याने, पुसता येईल तेवढी पुसायची. उरलेली तशीच राहू द्यायची. आणि ते काम करायलाच हवे असेल, रंगकाम काढायचे असेल, तर विभागीय वीज कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून मागायचा. सोसायटीने आवरण असलेली केबल टाकण्याविषयी किंवा लाइन सरकवण्याविषयी पाठपुरावा करायचा. रंगाऱ्याला किंवा सफाईच्या पोराला ‘जरा सांभाळून’ एवढे सांगून आपण घरात चहा प्यायला जायचे नाही. जागा आपली आहे; तार कुठे आहे हे त्याला दाखवणे आपले काम आहे.

दिवाळीपुरतीच ही गोष्ट नाही. गुढीपाडव्याला गॅलरीत बांधलेली काठी, संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग काढायला धावणारी मुले, आंबे उतरवायची अॅल्युमिनियमची लांब आकडी, झेंड्याचा खांब, विसर्जनाच्या ट्रकवरची उंच मूर्ती, सगळीकडे वरची तार तीच. पतंग पाच-दहा रुपयांना दुसरा मिळतो, हे मुलांना एकदा नीट बसवून सांगावे.

आणि अपघात झालाच तर? ज्याला धक्का बसला आहे त्याला ओढायला धावू नये, हे फार कठीण आहे; पण एकाला सोडवताना दुसरा गेल्याच्या कहाण्या काकांकडे कितीतरी आहेत. घरातल्या विजेचा अपघात असेल तर मुख्य स्विच बंद करावा. बाहेरच्या लाइनीचा असेल तर दूरच राहावे, इतरांना दूर ठेवावे, १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला कळवावे. तार तुटून पडली असेल तर भोवतालच्या जमिनीतही वीज पसरते. तीस-चाळीस फूट दूर राहावे, आणि आपण आतच सापडलो तर पाय एकमेकांना चिकटवून छोटी छोटी सरकती पावले टाकत बाहेर पडावे. वाहनाला तार लागली असेल आणि आग नसेल तर वाहनातच बसून राहावे. पुरवठा खात्रीने बंद झाल्यावर माणूस निपचित असेल, श्वास नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहावे, मदत येईपर्यंत. आणि जो उठून ‘मला काही झाले नाही’ म्हणतो त्यालाही इस्पितळात न्यावेच. आतली भाजणी आणि हृदयाची लय बाहेरून दिसत नाही.

एक रकाना

मुलीची दांडी मी टाकून दिलेली नाही. तिच्या चारपैकी दोन नळ्या काढून ठेवल्या आहेत. उरलेल्या दोहोंनी घरातली जळमटे उत्तम निघतात. कोपऱ्यावरच्या खिडकीची काच बाहेरून तशीच आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला सौ.ने त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि विषय संपवला.

बँकेचा तो पाहणी अहवाल मला अजून तोंडपाठ आहे. कर्जदाराचे नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, विहिरीची खोली, पाइपांची संख्या, बिलाचा क्रमांक, शेरा. त्यात ‘शेतावरून विजेची तार जाते का’ असा रकाना नव्हता, आणि नसलेला रकाना भरायचे मला सुचले नाही. त्या वेळी मोटारसायकलला किक मारण्याआधी मान एकदा वर केली असती आणि त्या पोराला म्हटले असते, ‘‘अरे, हा पाइप इथे कधी उभा करू नकोस,’’ तर त्याला अर्धे मिनिट लागले असते.

आपल्याकडे दिवाळीच्या कामांची यादी असते. डबे, माळे, पडदे, पंखे, खिडक्या. त्या यादीत सर्वांत वर एक ओळ वाढवावी, एवढेच सांगायला हे लिहिले. वर तार आहे का?